वाऱ्याच्या वेळेने: ग्योकोवाच्या आखातात गुलेटवरचा आठवडा

गुलेटवर जायचं एवढं ठरलं, की पहिला प्रश्न उभा राहतो तो अख्खी बोट घ्यायची की तिच्यातली एखादी खोली. गुलेट म्हणजे तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर बांधली जाणारी दोन डोलकाठ्यांची, रुंद अंगाची, मागून गोलाकार असलेली लाकडी बोट. साधारण सहा ते आठ खोल्या, प्रत्येकीला स्वतःचं न्हाणीघर, आणि कॅप्टन, स्वयंपाकी व एक-दोन खलाशी. दहाबारा जणांचा गट असेल तर अख्खी बोट परवडते आणि मार्गही आपल्या मनाने ठरवता येतो. आम्ही चौघंच होतो: मी, नवरा, स्टुटगार्टला राहणारी धाकटी बहीण आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. म्हणून दोन खोल्या घेतल्या. बाकीच्या खोल्यांत कोण येणार हे बोटीवर चढेपर्यंत कळत नाही. सोबतीला डच आणि तुर्की कुटुंबं निघाली आणि आठवडा मजेत गेला.

चौकशी करताना मी प्रत्येकाला एक प्रश्न हटकून विचारत होते: शिडं खरोखर लावता का? माझं माहेर देवगडच्या बाजूचं. शिडाच्या होड्या मी लहानपणी पाहिल्या. पुढे त्यांच्यावर यंत्रं बसली आणि मग लाकडाच्या जागी फायबर आलं. किनाऱ्यावर होडी बांधणारा सुतार दिसेनासा झाला. जिथे लाकडी बोटी अजून बांधल्या जातात, विकल्या जातात आणि त्यांवर माणसांची पोटं चालतात, असा किनारा मला पाहायचा होता. आणि लाकडी बोटीतून जायचं तर वाऱ्यावर जायचं, निदान काही तास तरी.

उत्तरं फार वेगवेगळी आली. एका एजंटने शिडं फोटोपुरती आहेत असं सरळ सांगितलं. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला, पण बोट घेतली नाही. बहुतेक गुलेट आज यंत्रावरच चालतात आणि त्यामागे खरी कारणं आहेत. बोटीच्या मागच्या डेकवर, जिथे जेवणाचं टेबल आणि गाद्या असतात, तिथे उन्हासाठी कापडी छत ताणलेलं असतं. मोठं शीड ज्या आडव्या दांडीवर बांधलेलं असतं, ती दांडी याच छतावरून फिरते. म्हणजे शीड उभारायचं तर आधी छत उतरवा, मग सगळे पाहुणे उन्हात. शिवाय ही बोट पोटाने रुंद. आत ऐसपैस खोल्या बसाव्यात म्हणून पर्यटनाच्या काळात ती आणखी रुंद होत गेली, त्यामुळे वाऱ्याच्या विरुद्ध तिला शिडावर नेणं फारसं जमत नाही. तीन माणसांच्या हाताखाली एवढं सगळं करायचं तर कॅप्टनला मनापासून हौस हवी. शेवटी बोद्रुम या तिथल्या बंदराच्या शहरातल्या एका कचेरीने लिहिलं, "आमच्या कॅप्टनला शिडांची आवड आहे. वारा योग्य असेल त्या दिवशी तो लावतोच." तिथे पैसे भरले.

पैसे भरण्याआधी काय काय विचारावं हे जाणाऱ्यांसाठी सांगते. जेवण, इंधन, बंदराचे कर आणि खलाशांचा पगार भाड्यात धरलेला आहे का? इंधनाला मर्यादा असते. पुष्कळ करारांत दिवसाला चार तासांचा प्रवास धरलेला असतो, त्यापुढे जादा पडतात. पेयांचा हिशेब बहुतेक ठिकाणी वेगळा असतो आणि शेवटच्या दिवशी होतो. वातानुकूलन असलं तरी जनरेटर रात्रभर चालत नाही, तेव्हा किती तास मिळेल ते विचारावं. बोट कधी बांधली याबरोबरच शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली, हेही विचारावं. लाकडी बोटीबाबत हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तुर्कस्तानात प्रवासी कंपन्यांना टर्साब या संघटनेचं सदस्यत्व सक्तीचं असतं, त्याचा क्रमांक मागावा. चांगली माणसं तो लगेच देतात.

व्हिसाचं थोडक्यात. भारतीय पारपत्रावर वैध शेंगेन, ब्रिटन, अमेरिका किंवा आयर्लंडचा व्हिसा अथवा वास्तव्य परवाना असेल तर ई-व्हिसा मिळू शकतो, नसेल तर रीतसर अर्ज करून पारपत्रावर चिकटवलेला व्हिसा घ्यावा लागतो. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ पाहावं. बहिणीचं काम घरबसल्या झालं, आम्हा दोघांना रीतसर अर्ज करावा लागला. मुंबईहून इस्तंबूल, तिथून देशांतर्गत विमानाने मिलास-बोद्रुम.

काळ आम्ही सप्टेंबरचा निवडला. एप्रिल-मे ते ऑक्टोबर असा हा हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि मेल्तेम जोरात. मेल्तेम हा एजियन समुद्रावरचा उन्हाळी वारा, वायव्येकडून येणारा. सप्टेंबरात तो थोडा नरम पडलेला असतो, पाणी मात्र उन्हाळाभर तापून छान झालेलं असतं.

बोटीवर चढण्याआधी आम्ही बोद्रुममध्ये मुक्काम ठेवला होता आणि तो ठेवावाच असं मी म्हणेन. शहराच्या पूर्वेला इचमेलेर भागात बोटी बांधण्याचे कारखाने आहेत. सीझनमधल्या बोटी पाण्यात होत्या, पण काठावर एका नव्या गुलेटचं काम चाललं होतं. आतला कणा आणि बरगड्या उभ्या होत्या, अर्ध्या अंगाला फळ्या लागल्या होत्या. आत यायला परवानगी विचारली तर तिथल्या उस्तांनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, हाताने या म्हणून खूण केली. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. भाचीच्या फोनवरच्या भाषांतराने जेवढं चाललं तेवढं चाललं.

फळ्या बहुतेक पाइनच्या. हा किनारा किझिलचाम या पाइनच्या जंगलांनी भरलेला आहे, आणि बोटबांधणी इथे रुजण्याचं ते एक मोठं कारण. वरच्या खोल्यांना, कडांना महोगनी, डेकला सागवान. जुन्या पद्धतीत नकाशा नसे. वाकलेल्या झाडातून वाकलेली बरगडी शोधायची आणि बोटीचा आकार नजरेने धरायचा. आज लाकडाचे पातळ थर चिकटवून हवा तो बाक देतात, नकाशेही असतात. तरी त्या उस्तांनी फळी लावण्याआधी एक डोळा मिटून तिची रेघ पाहिली, दोनदा काढली, रंधा मारला, पुन्हा लावली. फळ्यांमधल्या फटींत कापसाची वात ठोकून बसवतात आणि वरून लांबी भरतात. बोट पाण्यात उतरली की लाकूड फुगतं आणि सांधे घट्ट होतात. ही युक्ती माझ्या आजोळचे लोकही करत. मी खिशातून फोन काढून आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या होडीचा फोटो दाखवला. उस्तांनी तो मोठा करून फक्त सांधे पाहिले आणि मान डोलावली.

तिथेच कोपऱ्यात दोन्ही टोकं निमुळती असलेली एक लहान बोट होती. तिला तिरहांदिल म्हणतात आणि बोद्रुमची खरी जुनी बोट तीच. स्पंज काढणारे पाणबुडे आणि मच्छीमार अशाच बोटींतून जात. गुलेटवरची सुट्टी सुरू झाली तीही स्पंजवाल्यांच्या बोटींवरूनच. जेवात शाकिर काबाआचली या लेखकाला १९२५ साली एका लेखाबद्दल हद्दपारीची शिक्षा होऊन बोद्रुमला पाठवलं. तेव्हा ते रस्ताही धड नसलेलं गाव होतं. शिक्षा संपल्यावर तो आपणहून परत आला आणि पुढची अनेक वर्षं तिथेच राहिला. मासेमारी केली, लिहिलं, कुठून कुठून बिया मागवून झाडं लावली. 'हालिकार्नासचा कोळी' हे त्याचं टोपणनाव तुर्कस्तानात सगळ्यांना ठाऊक आहे. हालिकार्नास हे बोद्रुमचं प्राचीन नाव, हेरोडोटसचं जन्मगाव. १९४०च्या दशकात हा लेखक साबाहात्तिन एय्यूबोलू आणि पुढे आझ्रा एरहात अशा लेखक-मित्रांना घेऊन साध्या बोटीतून बोद्रुमलगतच्या ग्योकोवाच्या आखातात जाऊ लागला. खोल्या नाहीत, पलंग नाहीत. पाव, चीज, पाणी आणि राकी ही तिथली दारू एवढी शिदोरी. डेकवर झोपायचं, किनाऱ्यावरचे प्राचीन अवशेष पाहायचे, वाद घालायचे. त्या सफरींना 'मावी योल्जुलुक', निळा प्रवास, हे नाव पडलं आणि आज सगळा व्यवसाय तेच नाव वापरतो. बंदरातल्या चकचकीत रांगा पाहताना ही गोष्ट मला सतत आठवत होती.

बोद्रुमचा किल्ला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून रोड्सच्या सरदारांनी बांधला, तोही प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेल्या मौसोलसच्या समाधीचे दगड वापरून. आत समुद्रतळातून काढलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. गुलेटवर जाणाऱ्या माणसाने ते चुकवू नये. १९८२ साली काश गावाजवळ एका स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला खोल पाण्यात कान असलेली धातूची बिस्किटं दिसली. तो उलुबुरुनचा अवशेष निघाला: इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेलं जहाज. १९८४ ते १९९४ उत्खनन चाललं, २२,०००हून अधिक वेळा पाणबुडे खाली गेले. जहाजात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं, म्हणजे कांसं करायला लागतं त्याच प्रमाणात. शिवाय निळ्या काचेच्या लाद्या, हस्तिदंत, काळं लाकूड. जहाज देवदाराच्या लाकडाचं, फळ्या एकमेकींत खाचा पाडून आणि आत लाकडी जिभा घालून जोडलेल्या. मी त्या सांध्यांच्या मांडणीसमोर बराच वेळ उभी होते. कालच ज्या किनाऱ्यावर एक माणूस फळीची रेघ डोळ्याने तपासत होता, त्याच समुद्रातून तीन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हाताने जुळवलेल्या फळ्या गेल्या होत्या.

दुपारी साडेतीनला बोटीवर. फळीवरून चढण्याआधी चपला टोपलीत टाकायच्या, त्या पुढे बंदराला लागेपर्यंत निघत नाहीत. ओल्या सागवानी डेकवर अनवाणी पाय सर्वांत सुरक्षित, आणि खडे अडकलेल्या तळव्यांच्या चपलांनी वॉर्निशची वाट लागते. कॅप्टनने सगळ्यांची पारपत्रं मागून घेतली, प्रवाशांची नोंद बोटीच्या कागदपत्रांत करावी लागते म्हणून. मग चहा आला, आणि चहाबरोबर सूचना. शौचालयात कागद टाकायचा नाही, नळ्या बारीक असतात. गोड्या पाण्याची टाकी सगळ्यांची आहे, तेव्हा अंघोळ आटोपशीर. यंत्र बंद आणि शिडी खाली असल्याशिवाय कुणीही पाण्यात उडी मारायची नाही. खडकांवर पाय ठेवताना समुद्री साळिंदरांचे काटे पाहायचे. मैलापाणी समुद्रात सोडायचं नाही. ते टाकीत साठवून ठरलेल्या ठिकाणीच उपसावं लागतं आणि त्याची नोंद 'मावी कार्त' या निळ्या कार्डावर होते. शेवटचं वाक्य त्याने जरा ठासून सांगितलं: "कार्यक्रम कागदावर छापलेला आहे, पण तो वाऱ्याने मान्य केला तरच."

पहिली रात्र बंदरातच गेली. खोलीतली उशी मी वर आणली. बाकीचा आठवडा मी खाली झोपलेच नाही. पुढच्या डेकवर गाद्या अंथरलेल्या असतात, चादर मागितली की मिळते, पहाटे दव पडतं म्हणून जाड चादर मागावी.

दुसऱ्या दिवसापासून बोटीचा दिवस कसा लागतो ते कळत गेलं. मेल्तेम सकाळी झोपलेला असतो. दहा-अकराच्या सुमारास तो उठतो, दुपारी भरात येतो आणि सूर्य उतरला की पुन्हा मंदावतो. म्हणून कॅप्टन सकाळी लवकर निघतो, नाश्ता कुठल्या तरी शांत खाडीत होतो, आणि संध्याकाळचा मुक्काम अशा कोपऱ्यात की जिथे वायव्येचा वारा डोंगराआड अडतो. पहिल्या दिवशी आमच्यातले काही जण छापील कार्यक्रम हातात घेऊन "इथे का थांबलो नाही?" असं विचारत होते. तिसऱ्या दिवशी सगळे आधी डोंगराकडे आणि पाण्याच्या रंगाकडे पाहू लागले. पाणी दुरून गडद, सुरकुतलेलं दिसलं की वारा तिथवर आला.

बोट बांधण्याची रीत मला सर्वांत जास्त आवडली. इथले डोंगर सरळ समुद्रात उतरतात, त्यामुळे किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच तळ फार खोल जातो. नुसता नांगर टाकून बोट ठेवली तर ती रात्रभर फिरत राहील, शेजारच्या बोटीला किंवा खडकाला लागेल. म्हणून नांगर दूर खोल पाण्यात सोडायचा, साखळी सोडत सोडत बोट मागे मागे किनाऱ्याकडे न्यायची, आणि मग खलाशी दोर घेऊन पाण्यात उडी मारतो. पोहत जाऊन तो दोर काठावरच्या लोखंडी खुंट्याला बांधतो. पूर्वी सरळ पाइनच्या बुंध्याला बांधत, त्याने झाडं सोलून निघत, म्हणून आता कित्येक ठिकाणी खुंटे बसवले आहेत. नांगर कुठे टाकायचा हेही पाहून. तळाला पोसिडोनिया हे समुद्री गवत असेल तर तिथे टाकायचा नाही. ते माशांच्या पिल्लांचं घर असतं आणि एकदा उपटलं की भरून यायला अनेक दशकं जातात. वरून पाण्यात पाहिलं की गवत काळसर दिसतं आणि वाळू फिकट निळी. कॅप्टन पुढे उभ्या असलेल्या खलाशाला हाताने खुणा करी. बोलणं जवळपास नाहीच. चौथ्या दिवशी भाचीने विचारलं, "मावशी, मी दोर घेऊन जाऊ?" खलाशाने कॅप्टनकडे पाहिलं, कॅप्टनने मान हलवली. ती पोहत गेली आणि त्याने शिकवलेली गाठ दोनदा चुकवून तिसऱ्यांदा मारली. डेकवरून टाळ्या पडल्या.

ग्योकोवाचं आखात पश्चिमेला उघडं आणि पूर्वेकडे निमुळतं होत गेलेलं. वारा तोंडातून आत शिरतो. म्हणून बोटी जाताना उत्तरेच्या किनाऱ्याने वारा पाठीशी घेऊन पूर्वेला जातात आणि दक्षिणेच्या किनाऱ्याने परततात. ओराक बेटाशी पोहणं झालं, चोकेर्तमेला रात्र झाली. दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर कॅप्टन माझ्याजवळ आला. मी बुकिंग करताना काय विचारलं होतं ते त्याला कचेरीने कळवलं होतं. "आब्ला," तो म्हणाला, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, "आज."

छत सोडून गुंडाळलं. चहाचे पेले, पुस्तकं, ओले टॉवेल, सगळं खाली गेलं. मोठं शीड चढवायला चौघं लागली, त्यात माझा नवराही. कापड वर जाताना फडफडतं तो आवाज फार मोठा असतो, बोलणं ऐकू येत नाही. मग कॅप्टनने बोट जराशी वळवली, शीड भरलं आणि तो आवाज एका क्षणात थांबला. पुढचं तिकोनी शीड लागलं. बोट एका बाजूला किंचित कलली आणि कॅप्टनने यंत्र बंद केलं.

इतका वेळ आपण यंत्राच्या आवाजात राहत होतो हे तेव्हा कळलं. आता लाकूड ऐकू येत होतं: डोलकाठीच्या बुंध्याशी, पायऱ्यांखाली, बाकांच्या सांध्यांत एक हलकी करकर. पाणी अंगाला घासत मागे जात होतं. वेग फार नव्हता, यंत्रावर ती याहून जास्त पळते. पण चाल वेगळी होती. यंत्रावर बोट लाटेला आपटते, शिडावर ती लाटेवरून उतरते. डेकवर कुणी फारसं बोलत नव्हतं. डच आजोबा सुकाणूजवळ जाऊन उभे राहिले, कॅप्टनने त्यांच्या हाती ते दिलं आणि दूरचा एक डोंगर दाखवला, त्याच्याकडे धरा म्हणून. मीही काही वेळ धरलं. सुकाणू हातात असलं की वाऱ्याचा दाब तळव्यांना कळतो, बोट वाऱ्याकडे तोंड करू पाहते आणि तुम्ही तिला हळूच परत आणता. माझे आजोबा हे रोज करत असतील, याचा मी यापूर्वी कधी असा विचार केला नव्हता.

डावीकडे डोंगर सरकत होते, आणि त्यांवर मोठमोठे करडे पट्टे. २०२१च्या जुलै-ऑगस्टमधल्या वणव्यात हा सगळा किनारा जळाला. चोकेर्तमे गाव रिकामं करावं लागलं. ओरेनजवळचं केमेरक्योय औष्णिक वीज केंद्र, त्याची उंच चिमणी समुद्रातून दुरून दिसते, तिथवर आग पोचली आणि लोकांना बोटींतून हलवलं. आमचा स्वयंपाकी याच बाजूच्या गावचा. त्याने सांगितलं की त्या दिवसांत मच्छीमारांपासून पर्यटकांच्या बोटींपर्यंत जी बोट होती ती किनाऱ्याला लागली होती. काळ्या बुंध्यांच्या मध्ये आता गुडघ्याएवढी पाइनची रोपं उगवली आहेत. बोटी ज्या झाडापासून होतात ते झाड इथे पुन्हा मोठं व्हायला किती वर्षं जातील, हे तो हाताने उंची दाखवून सांगत होता.

जेवणाबद्दल न लिहिणं अन्याय होईल. गुलेटवरचा स्वयंपाक एका माणसाला उभं राहता येईल एवढ्याशा जागेत होतो, आणि हलत्या बोटीत. सकाळी ऑलिव्ह, पांढरं चीज, टोमॅटो, काकडी, मध, अंडी. दुपारी भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवून गार केलेल्या, दही, भात किंवा बुलगूर, म्हणजे गव्हाचा दलिया. रात्री मासा नाहीतर कोफ्ते. बहीण पूर्ण शाकाहारी आहे आणि ते आम्ही आधी कळवलं होतं. तिला मसुराचं सूप, भरलेली वांगी, द्राक्षाच्या पानांतला भात, राजम्यासारख्या पांढऱ्या घेवड्याचं कालवण असं रोज नवं मिळालं. एकदा लिंबू पिळलेली भेंडी आली. लहान, अख्खी, जराही चिकट नाही. तिने स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून ती कशी केली ते विचारून घेतलं: देठ शंकूसारखं सोलायचं, भेंडी उघडू द्यायची नाही, आणि लिंबू सुरुवातीलाच. पाच वाजता चहा आणि केक रोज ठरलेला. काही खाड्यांत छोट्या होडीतून बायका येतात आणि तिथल्या तिथे चूल पेटवून पातळ लाटलेल्या पोळीत पालक-चीज भरून गोझलेमे भाजून देतात. ते जरूर घ्यावं.

सेदिर बेटावर गर्दी होती. तिथली वाळू साध्या वाळूसारखी नसून चुन्याचे बारीक गोल दाणे आहेत, पाण्यात घोळत घोळत तयार झालेले. अँटनीने क्लिओपात्रासाठी ती इजिप्तहून आणवली अशी कथा सांगतात. वाळू संरक्षित आहे, टॉवेल अंथरता येत नाही, बाहेर येताना अंग धुऊन दाणे तिथेच सोडायचे. मला वाळूपेक्षा बेटाच्या दुसऱ्या बाजूचं केद्राई या प्राचीन नगराचं नाट्यगृह आवडलं. ऑलिव्हची झाडं पायऱ्यांतून वर आली आहेत आणि तिथे जवळपास कुणीच नव्हतं. तिथे पोचायला दहा मिनिटं चालावं लागतं, बहुतेक लोक वाळूवरूनच परततात.

दक्षिण किनारा वेगळा आहे: हिरवागार, खोल आत शिरलेल्या खाड्या, पाइन पाण्याला टेकलेले. इंग्रजांच्या युद्धनौका दुसऱ्या महायुद्धात जिथे लपत म्हणतात ती खाडी, इंगिलिझ लिमानी, इतकी बंदिस्त आहे की बाहेर वारा घोंगावत असताना आत पाण्यावर सुरकुतीही नव्हती. त्या रात्री कॅप्टनने डेकवरचे सगळे दिवे मालवले आणि पाण्यात हात घालायला सांगितलं. हात हलवला की बोटांभोवती हिरवट ठिणग्या उठत होत्या. आमच्याकडेही समुद्र असा पेटतो. भाचीने ते पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती रात्री उशिरापर्यंत शिडीवर पाय सोडून बसली होती.

दक्षिण किनाऱ्यावरच्या येदी आदालार या बेटांहून बोद्रुमकडे परतणं हा या मार्गाचा कठीण भाग. आता वारा समोरून. कॅप्टनने आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं: पहाटे निघणार, ज्यांना पोटाचा त्रास होतो त्यांनी गोळी आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आम्ही चौघांनी आल्याचा तुकडा आणि कोरडा पाव जवळ ठेवला, डेकच्या मध्यावर, जिथे बोट सर्वांत कमी हलते तिथे बसलो, आणि नजर क्षितिजावर. खाली खोलीत जाऊ नये, पुस्तक उघडू नये. बोट आपटत होती, पाणी पुढच्या टोकावरून उडून अंगावर येत होतं. काराआदा बेटाच्या आडोशाला पोचलो तेव्हा मेल्तेम नुकता उठला होता. तासभर उशीर झाला असता तर ही वाट दुप्पट त्रासाची झाली असती, असं खलाशी म्हणाला.

शेवटच्या सकाळी पेयांचा हिशेब झाला. बक्षिसी सगळ्यांनी मिळून एका पाकिटात घातली. भाड्याच्या पाच ते दहा टक्के देण्याची रीत आहे आणि ती तिघांत वाटली जाते. दहा वाजता बोट रिकामी करायची, कारण दुपारी साडेतीनला नवे पाहुणे. आम्ही सामान काढेपर्यंत खलाशाने डेक गोड्या पाण्याने धुवायला घेतला होता. हंगाम संपला की बोट वर ओढून हिवाळाभर घासायची, सांधे तपासायचे, वॉर्निशचे थर द्यायचे, आणि ते कामही याच तिघांचं.

ऑक्टोबरमध्ये बोद्रुमला लाकडी बोटींची शर्यत असते, बोद्रुम कप, १९८९पासून चालू असलेली. तेव्हा गुलेट आपली सगळी शिडं लावून धावतात आणि पाहुण्यांनाही बोटीवर राहता येतं. कॅप्टनने त्याबद्दल सांगितलं आणि पुण्याला पोचल्यावर मी कचेरीला लिहिलं. त्यांनी उलट विचारलं की दोर ओढायची तयारी आहे का. भाचीने माझ्या आधी होकार कळवला. मी एवढंच कळवलं आहे की या वेळी खोली पुढच्या टोकाची नको, मधली द्या. नांगराची साखळी तिथूनच निघते, आणि पहाटे पाचला ती उचलताना होणारा खडखडाट बहिणीने आठवडाभर थेट उशीखालून ऐकला आहे.